ला देफाँस बसच्या खिडकीतून दिसत नाही

महोदय,

उन्हाळ्याच्या सुटीआधी मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत युरोप सहलींवर भरपूर मजकूर येतो. पॅरिस म्हटले की आयफेल टॉवर, लूव्र, सेन नदीतली बोटीची फेरी आणि शाँझेलिझेवरची खरेदी हे ठरलेले. या यादीला आमचा आक्षेप नाही. पण पॅरिसच्या पश्चिमेला, शहराची हद्द संपल्यावर नोयी हे उपनगर पार करून सेन ओलांडली की ला देफाँस नावाचा कार्यालयांचा भाग लागतो आणि त्याविषयी दोन ओळींपलीकडे काही छापून आलेले क्वचितच दिसते. खंत याची वाटते की आपल्याकडचे अनेक पर्यटक रात्री मुक्कामाला असतात ते याच भागात किंवा त्याच्या आसपास. इथली हॉटेले सोमवार ते गुरुवार कंपन्यांच्या पाहुण्यांनी भरलेली असतात. शनिवार-रविवारी आणि ऑगस्टमध्ये ती रिकामी पडतात, भाडे उतरते आणि सहलींचे गट तिथे उतरवले जातात. सकाळी नाश्ता, मग बस, मग शहर. बसच्या काचेतून ‘उजवीकडे आधुनिक पॅरिस’ एवढे ऐकवले जाते आणि संपते.

बसमधून ला देफाँस दिसतच नाही, याचे कारण त्याच्या बांधणीत आहे. हा सगळा भाग एका प्रचंड स्लॅबवर उभा आहे. फ्रेंच लोक तिला ‘दाल’ म्हणतात. वरच्या बाजूला फक्त चालणारी माणसे, झाडे, पाण्याची कुंडे आणि शिल्पे. पोटात मोटारींचे रस्ते, महामार्ग, पार्किंग, मेट्रो, उपनगरी गाड्या, माल उतरवायच्या जागा, केबल आणि पाइप. चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवलेली ही जागा सुमारे ३१ हेक्टर आहे. १९५८मध्ये फ्रेंच सरकारने या भागासाठी खास सार्वजनिक संस्था नेमली. माणूस आणि मोटार एका पातळीवर आणायचेच नाहीत, असे ठरले. म्हणून बस फिरते ती या भागाच्या कडेने आणि तळातून. पाहण्यासारखे जे आहे ते तिच्या टपाच्या वर, आणि तिथे पायीच जावे लागते.

जाणे सोपे आहे. मेट्रोची १ नंबरची लाइन लूव्र, काँकोर्ड, शाँझेलिझे अशी येत शेवटच्या स्थानकावर, म्हणजे ‘ला देफाँस – ग्रांद आर्श’ला थांबते. ही लाइन चालकाविना धावते, त्यामुळे पहिल्या डब्यात अगदी पुढच्या काचेपाशी उभे राहता येते. नोयीच्या पुलावर गाडी बोगद्यातून बाहेर येते आणि समोर सगळे मनोरे एकदम उभे राहतात. तेवढ्यासाठी जाताना मेट्रोच घ्यावी. घाई असेल तर आरईआर ‘ए’ ही उपनगरी गाडी शातले–ले आल स्थानकातून दहाएक मिनिटांत पोहोचवते. मे २०२४पासून आरईआर ‘ई’सुद्धा इथे येते. जुन्या प्रवासपुस्तकांत एक इशारा असतो की मेट्रोचे साधे तिकीट आरईआरला चालत नाही, दंड होतो. तेव्हा तो बरोबर होता. जानेवारी २०२५पासून मेट्रो आणि आरईआर यांचे एकेरी तिकीट एकच झाले आहे, तेव्हा ती भीती उरली नाही. आता चूक होते ती कार्डाबाबत. नाविगो ईझी या कार्डावर तिकिटे भरली तर एका वेळी एकाच माणसाला त्यावर जाता येते. चौघांचे कुटुंब असेल तर चार कार्डे लागतात. एका कार्डावर चार तिकिटे भरून पहिला आत गेला आणि बाकीचे फाटकाबाहेर अडकले, असे होते. बाहेर पडेपर्यंत कार्ड हाताशी ठेवावे आणि १ नंबरच्या लाइनवर खिसे, पर्स सांभाळावी.

चकवा खरा लागतो तो स्थानकात उतरल्यावर. खाली मोठे दालन आहे, त्याला चहूबाजूंनी वाटा फुटतात आणि सगळ्या वाटा सारख्याच दिसतात. ‘ग्रांद आर्श’ अशी पाटी असलेली वाट धरायची. ‘काल्डेर–मिरो’ नावाचीही एक वाट आहे. ती मोठ्या शिल्पांजवळ काढते, पण सुरुवात तिथून करू नये, कारण मग फेरी मधूनच सुरू होते. फोनवरच्या नकाशाचा इथे भरवसा नाही. तो आडवे अंतर दाखवतो, मजला दाखवत नाही. निळा ठिपका बरोबर हॉटेलच्या दारात असतो आणि आपण असतो दोन मजले खाली, मोटारींच्या रस्त्यावर, पदपथ नसलेल्या बोगद्यात. टॅक्सीने आल्यास हे हमखास होते. टॅक्सी भोवतालच्या गोल रस्त्याने फिरून स्लॅबच्या पोटात सोडते. अशा वेळी ठिपक्याच्या मागे न लागता आधी वर जाणारा जिना किंवा लिफ्ट शोधावी, उजेडात यावे आणि मग दिशा ठरवावी. दिशा ठरवणे वर आल्यावर कठीण नाही. एका टोकाला ग्रांद आर्श ही पांढरी चौकोनी कमान, दुसऱ्या टोकाला दूरवर आर्क द त्रिओंफ ही पॅरिसची जुनी विजयकमान.

हॉटेल निवडतानाही हेच भान हवे. नावात ‘ला देफाँस’ असलेली कित्येक हॉटेले प्रत्यक्षात प्युतो, कुर्बव्वा किंवा नाँतेर या शेजारच्या गावांच्या आतल्या गल्ल्यांत असतात. नावापेक्षा जवळचे मेट्रो स्थानक विचारावे. ‘ग्रांद आर्श’ किंवा ‘एस्प्लनाद द ला देफाँस’ असेल तर ठीक.

फेरी कमानीपासून सुरू करून सेनच्या दिशेने उतरत जावी. अंतर जेमतेम सव्वा किलोमीटर आहे आणि स्लॅबला नदीकडे उतार आहे. उलट दिशेने गेल्यास चढ लागतो. शिवाय कमान समोर दिसत राहिल्याने लोक तिच्याकडे बघत सरळ चालतात आणि आजूबाजूची निम्मी शिल्पे राहून जातात.

ग्रांद आर्श ही कमान म्हणजे आतून पोकळ केलेला घन आहे. उंची ११० मीटर, आणि रुंदी-खोलीही त्याच्या आसपास. दोन्ही पाय म्हणजे ३५ मजली कार्यालये. मधल्या पोकळीत नोत्र-दाम चर्च बसेल असे तिथे सांगतात. रचना डेन्मार्कचे योहान ऑटो फॉन स्प्रेकेल्सन यांची. ४२४ आराखड्यांच्या खुल्या स्पर्धेतून ती निवडली गेली. त्याआधी त्यांच्या नावावर स्वतःचे घर आणि काही चर्च एवढेच काम होते. १९८६मध्ये ते या कामातून बाहेर पडले आणि १९८७मध्ये त्यांचे निधन झाले. इमारत पूर्ण केली पॉल आंद्र्यू यांनी, आणि १९८९च्या जुलैत फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला तिचे उद्घाटन झाले.

पायऱ्यांवर बसून शहराकडे बघितले की एक गोष्ट खटकायला हवी. लूव्रपासून शाँझेलिझेवरून आर्क द त्रिओंफमधून येणारी सरळ रेषा इथे येऊन संपते, पण कमान त्या रेषेला काटकोनात नाही. ती सहा अंशांहून थोडी अधिक तिरकी आहे. वास्तुरचनाकाराची लहर म्हणून हे सोडून देऊ नये. या जागेच्या खाली आधीपासून रेल्वे आणि रस्त्यांचे बोगदे होते. तीन लाख टनांचे वजन बारा अजस्र खांबांवर जमिनीत उतरवायचे, तर खांब बोगद्यांच्या मधल्या जागांतूनच न्यावे लागणार होते. कमान थोडी फिरवली तेव्हा ते जमले. त्याचा एक फायदा असा झाला की समोरून पाहताना तिची एक आतली भिंत जास्त दिसते आणि घनाची खोली कळते. सरळ ठेवली असती तर ती लांबून चौकटीसारखी सपाट दिसली असती.

पोकळीत ताणून लावलेला पांढऱ्या कापडाचा ‘ढग’ दिसतो. त्याचे काम शोभेपुरते नाही. एवढ्या मोठ्या भोकातून वारा नरसाळ्यातून यावा तसा येतो. ढग आणि खालच्या काचेच्या भिंती त्याचा जोर मोडतात. बाहेरचे आवरण मूळचे कारारा संगमरवराचे होते. संगमरवराच्या पातळ फरशा ऊन-पाऊस आलटून पालटून सोसताना हळूहळू वाकतात आणि त्यांना तडे जातात. संगमरवराचे कण तापल्यावर सगळ्या दिशांना सारखे फुगत नाहीत आणि निवल्यावर पूर्ण मूळ जागी येत नाहीत, म्हणून असे होते. शेवटी २०१४ ते २०१७ या काळात दक्षिणेकडच्या पायाची दुरुस्ती झाली, तेव्हा संगमरवर काढून पांढरा ग्रॅनाइट बसवला. घरबांधणीत बाहेरच्या भिंतीला संगमरवर लावण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

गच्चीबद्दल जुन्या लेखांवर विसंबू नये. ती २०१०मध्ये लिफ्टच्या बिघाडानंतर बंद झाली, २०१७मध्ये उघडली आणि २०२३मध्ये पुन्हा बंद झाली. सहलीच्या कार्यक्रमात ‘ग्रांद आर्शची गच्ची’ छापलेली असेल तर पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे. गच्ची बंद असली तरी पायऱ्यांवरून जवळपास पाच किलोमीटरवरची आर्क द त्रिओंफ स्वच्छ दिसते. सकाळी कमानीच्या शहराकडच्या अंगावर ऊन असते, तेव्हा कमानीचा फोटो घ्यावा. दुपार कलली की सूर्य कमानीमागे जातो, मग पायऱ्यांवर उभे राहून शहराचा घ्यावा. दुपारी चार वाजता कमानीचा फोटो काढणाऱ्याच्या हाती काळी आकृतीच येते.

परत फिरण्याआधी पाच मिनिटे कमानीच्या मागे जावे. तिथे लाकडी फळ्यांचा लांब धक्का पश्चिमेकडे गेलेला आहे. त्याच्या आजूबाजूला खाली नोयी आणि प्युतोची दफनभूमी, रस्ते, रूळ असे सगळे उघडे दिसते. समोरच्या बाजूला स्लॅबने जे झाकले आहे ते इथे उघडे पडलेले आहे. स्लॅब नसती तर हा भाग कसा असता, याचे उत्तर इथे मिळते.

आता कमानीकडे पाठ करून उतरायला लागा. डाव्या हाताला काचेची प्रचंड शिंपली उपडी ठेवल्यासारखी इमारत आहे. ही सीएनआयटी, उच्चारी ‘क्नीत’. संपूर्ण ला देफाँसमध्ये आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती ही. १९५८मध्ये उद्योगांच्या प्रदर्शनांसाठी ती उघडली. वास्तुरचनाकार कामलो, द मायी आणि झेरफ्यूस, अभियंता निकोला एस्कियाँ आणि काचेच्या दर्शनी भिंतींसाठी झाँ प्रुव्हे. त्रिकोणी जागेवर फक्त तीन टेकू आणि त्यांच्यामध्ये २१८ मीटरचा गाळा, म्हणजे दोन टेकूंमधले अंतर. मध्ये एकही खांब नाही. काँक्रीटच्या कवचाचा एवढा मोठा गाळा जगात दुसरा झाला नाही. कवच एक नाही, दोन आहेत. प्रत्येकाची जाडी माथ्यापाशी जेमतेम सहा-सात सेंटीमीटर. मधल्या पोकळीत उभे-आडवे पडदे घालून दोन्ही जोडलेली. एकच जाड कवच घातले असते तर ते स्वतःच्या वजनानेच बसले असते, आणि एकच पातळ घातले असते तर पिचकले असते.

हे छप्पर उभे राहण्यामागची खरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. कमानीसारखे छप्पर आपले पाय बाहेर ढकलते. सुतार तिवईचे पाय फाकू नयेत म्हणून खालून आडव्या पट्ट्या मारतो, तशा इथे तिन्ही टेकूंना बांधणाऱ्या पोलादी तारा जमिनीखालून नेल्या आहेत. त्या तुटल्या तर छप्पर सपाट होईल. आरईआर ‘ई’चे नवे स्थानक याच इमारतीच्या पोटात खणले गेले, आणि तेही वर दुकाने, कार्यालये चालू असताना. या तारा लक्षात घेतल्या की त्या खोदकामाचे दडपण कळते. सीएनआयटी बघायची ती बाहेरून, जिथे कवच एका कोपऱ्यात जमिनीला टेकते तिथे उभे राहून. आत शिरलात तर निराशा होईल. १९८०च्या दशकाच्या शेवटी आत हॉटेल, कार्यालये आणि दुकाने भरली गेली आणि पूर्ण छप्पर एका नजरेत येत नाही. असे छप्पर बांधून त्याखाली मजले चढवणे ही आमच्या मते या परिसराची सर्वांत मोठी चूक आहे.

सीएनआयटी आणि कमान यांच्या मधल्या कोपऱ्यात प्लास कार्पो नावाचा चौक आहे. सेझार या शिल्पकाराचा ‘अंगठा’ तिथे आहे. १२ मीटर उंच, १८ टन ब्राँझ. लांबून पाहून पुढे जाऊ नका, हात लागेल इतके जवळ जा. स्वतःच्या अंगठ्याचा साचा घेऊन तो यंत्राने वाढवण्याची सेझार यांची पद्धत होती, त्यामुळे कातडीची प्रत्येक रेघ तशीच मोठी झाली आहे. पेरावरच्या सुरकुत्यांत आपली बोटे शिरतात. नखाच्या कडेची चामडी, पेरापाशी पडलेल्या वळ्या, सगळे आहे. आणि त्याच्या मागे शंभर मीटरवरच्या काचेच्या भिंती, ज्यांवर एकही रेघ नाही.

मुख्य चौकात परत आलात की अलेक्झांडर काल्डर यांचा ‘लाल कोळी’ दिसेल. १५ मीटर उंच, ७५ टन, पोलादी पत्रा. १९७६मधले हे त्यांच्या अखेरच्या मोठ्या कामांपैकी एक, कारण त्याच वर्षी ते गेले. याच्या चारी बाजूंनी फिरावे आणि मग पायांच्या मधून खाली उभे राहावे. पत्र्याला बळ देणाऱ्या उभ्या फासळ्या आणि जोड झाकलेले नाहीत. एवढे वजन जमिनीला टेकते ते अगदी छोट्या जागांवर. समोर खरेदी-केंद्रापाशी झोआन मिरो यांच्या ‘दोन अद्भुत व्यक्ती’ आहेत, निळा, लाल, पिवळा अशा रंगांतल्या, अकरा-बारा मीटर उंच. या पोलादाच्या नाहीत, कृत्रिम राळेच्या आहेत. राळेचा रंग उन्हाने उडतो, म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा रंगवावे लागते. काल्डर आणि मिरो हे जुने मित्र होते आणि त्यांची ही कामे इथे एकमेकांसमोर आहेत.

साठहून अधिक कलाकृती या भागात आहेत आणि सगळ्या सारख्या तोलाच्या नाहीत. काही तर कंपनीच्या दारातली शोभा यापलीकडे जात नाहीत. पण इथली कला समजून घ्यायची असेल तर आमचा सल्ला असा की आधी धुराडी शोधा. स्लॅबच्या पोटात रस्ते आहेत म्हटल्यावर धूर आणि गरम हवा बाहेर काढायला उंच नळकांडी लागतात. काँक्रीटची ही धुराडी चौकाच्या मधोमध येतात, ती हटवता येत नाहीत. मग ती कलाकारांच्या हवाली केली गेली. रेमाँ मोरेती यांनी अशा एका ३२ मीटर उंच धुराड्याला ६७२ नळ्यांनी वेढले आहे. नळ्या काचतंतूच्या, १९ रंगांच्या, काही दोन सेंटीमीटर व्यासाच्या तर काही तीस. जवळून पाहिले तर बोटाएवढी नळी आणि मांडीएवढी नळी शेजारी शेजारी उभी असते. चालत बाजू बदलली की रंगांचा पट्टा सरकतो. आणखी एका धुराड्याला ग्रातालू यांनी मोझेइकची, म्हणजे रंगीत तुकड्यांच्या नक्षीची, झाडे चढवली आहेत. अशा ठिकाणी कला कार्यालयांच्या वस्तीत शोभेसाठी आणून ठेवलेली नाही. वस्तीच्या अडचणीला तिने अंगावर घेतले आहे. सार्वजनिक कलेसाठी वेगळा निधी आणि वेगळी जागा मागत बसण्यापेक्षा जी कुरूप गोष्ट टाळता येत नाही तीच कलाकाराला द्यावी, हा विचार इथून उचलण्यासारखा आहे.

मोरेती यांचेच आणखी एक काम स्लॅबच्या पोटातल्या एका रिकाम्या दालनात आहे. ‘राक्षस’ या नावाने ते ओळखले जाते. ते एरवी बंद असते आणि अधूनमधून होणाऱ्या मार्गदर्शित फेरीतच पाहता येते. तारखा जुळल्या तर जरूर जावे, कारण त्या निमित्ताने स्लॅबखालच्या देवळासारख्या उंच पोकळ्या दिसतात.

पुढे उतरताना पाण्याचे मोठे कुंड लागते. याकोव्ह आगाम यांचे १९७७चे कारंजे, ६६ फवाऱ्यांचे, तळाला आणि कडांना रंगीत मोझेइक. पाणी चालू असेलच असे धरून जाऊ नये. हिवाळ्यात आणि दुरुस्तीच्या काळात ते बंद असते. कोरडे असले तर वैतागू नका, मोझेइक तेव्हाच नीट वाचता येते. त्याच्या बाजूलाच एक ब्राँझचा पुतळा आहे आणि तिथून बहुतेक लोक न थांबता जातात. या भागाला नाव मिळाले ते त्याच्यावरून. प्रशियाच्या सैन्याने १८७०–७१मध्ये पॅरिसला वेढा घातला, तेव्हाच्या शहराच्या बचावाचे ते स्मारक. ‘ला देफाँस द पारी’, शिल्पकार बारिया, साल १८८३. गणवेशातली स्त्री म्हणजे पॅरिस, तिच्या पायाशी बंदूक भरणारा जखमी सैनिक आणि मागे थंडी-भुकेने खचलेली मुलगी. या स्मारकाच्या स्पर्धेत ऑग्युस्त रोदँ यांनीही शिल्प पाठवले होते, ते नाकारले गेले. बांधकामाच्या वर्षांत पुतळा हलवला गेला आणि १९८३मध्ये परत बसवला. मनोऱ्यांच्या तळाशी तो आता खूप लहान दिसतो. मुलीच्या चेहऱ्यासमोर दोन मिनिटे उभे राहावे.

मनोरे ओळखायला फार माहिती लागत नाही. सुरुवातीला नियम कडक होता: सगळ्यांचा पाया ४२ बाय २४ मीटर, उंची १०० मीटर. या पिढीतला पहिला मनोरा १९६६चा, आज त्याला ‘इनिस्याल’ म्हणतात. काचेचे गोल कोपरे ही त्याची खूण, आणि ते कामही प्रुव्हे यांचेच. सत्तरच्या दशकात नियम सैल झाला आणि काळे, जाडजूड, खिडकीपासून फार खोल मजल्यांचे मनोरे आले. १९७३च्या तेलसंकटाने दिवे आणि वातानुकूलन यांचा खर्च अंगावर आला आणि काही वर्षे बांधकाम थंडावले. त्यानंतरच्या इमारती मुद्दाम अरुंद किंवा पाकळ्यांसारख्या फुटलेल्या आहेत, बसणाऱ्याला खिडकीचा उजेड मिळावा म्हणून. इमारत जाड की सडपातळ एवढ्यावरून तिचे दशक बऱ्यापैकी सांगता येते. अलीकडच्यांपैकी ईडीएफ या वीज कंपनीचा २००१चा मनोरा थांबून पाहावा. त्याच्या एका कडेला, खालच्या भागात शंकूसारखी खाच घेतली आहे आणि प्रवेशावर मोठी गोल तबकडी धरली आहे. त्याच वर्षी उघडलेले नोत्र-दाम द पाँतकोत हे छोटे चर्च सीएनआयटीजवळ आहे. त्याची काचेची उभी भिंत कार्यालयांच्या रांगेतही वेगळी ओळखू येते.

वाऱ्याबद्दल सांगितलेच पाहिजे, कारण आपले लोक नेमके तिथेच कमी पडतात. शहरात ऊन असते, लोक सुती कपड्यांत येतात आणि स्लॅबवर कुडकुडतात. उंच मनोऱ्याच्या तोंडावर आदळलेला वरचा वारा खाली उतरतो आणि दोन मनोऱ्यांच्या फटीत त्याचा वेग वाढतो. छत्री उलटते. डोक्यावर टोपी असलेले जाकीट हवे, जूनमध्येसुद्धा. पाऊस पडून गेला असेल तर फरशी निसरडी होते. चप्पल किंवा गुळगुळीत तळाचे बूट नकोत.

वार कोणता, यावर दिसणारे ला देफाँस बदलते. इथे सुमारे १,८०,००० लोक कामाला येतात. मंगळवार-गुरुवारी साडेबारा ते दोन या वेळात ते सगळे जेवायला वर येतात आणि स्लॅब भरून जाते. ते दृश्य पाहण्यासारखे आहे, पण खायला जागा मिळत नाही. साडेअकराला किंवा दोननंतर खावे. रविवारी फोटोंना मोकळी जागा मिळते, मात्र छोटी उपाहारगृहे बंद असतात आणि मॉलच्या आधाराने राहावे लागते. शाकाहारी माणसाला फलाफल, पिझ्झा, सॅलड मिळते. कांदा-लसूण टाळणाऱ्यांनी डबा न्यावा आणि पायऱ्यांवर बसून खावे, कुणी अडवत नाही. स्वच्छतागृहासाठीही मॉलच गाठावा लागतो. तेव्हा सुरुवातीलाच जाऊन यावे, खाली नदीच्या टोकाकडे पंचाईत होते. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत कमानीसमोर नाताळचा मोठा बाजार भरतो. तो बघायला छान, पण टपऱ्यांमुळे शिल्पे आणि सरळ रेषा दोन्ही झाकली जातात. वास्तू पाहायच्या असतील तर ते आठवडे टाळावेत. गुडघे दुखणाऱ्यांना चालण्याची वाट उताराची असल्याने झेपते. मात्र सरकते जिने बंद पडलेले आढळतात आणि लिफ्ट दूर दूर आहेत, म्हणून ज्येष्ठांनी मधली वाट सोडून बाजूच्या पातळ्यांवर चढ-उतर करू नये. मधल्या भागात काम चालू असल्यास पत्र्यांचे कुंपणही आडवे येते, त्याला वळसा घालून पुन्हा मधल्या रेषेवर यावे.

फोटो स्वतःसाठी कितीही काढावेत. व्हिडिओ करून पैसे मिळवणाऱ्यांनी जपावे. काल्डर, मिरो, सेझार यांच्या कामांवर अजून हक्क आहेत आणि फ्रान्समध्ये रस्त्यावर उभे असलेले शिल्पसुद्धा परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरता येत नाही. तिवई लावून मोठा कॅमेरा मांडला तर रखवालदार हटकू शकतात.

शेवटचा टप्पा सेनकडच्या टोकाला, आणि तिथे संधिप्रकाशात पोहोचेल असा वेळ धरावा. ताकिस या शिल्पकाराचे १९८८चे कुंड इथे आहे. पाण्याच्या चौकोनी आरशातून ४९ लवचीक दांडे वर आलेले, साडेतीन मीटरपासून नऊ मीटरपर्यंत, प्रत्येकाच्या टोकाला वेगळ्या आकाराचा रंगीत दिवा. दिवसा हे अर्धवट राहिलेल्या कामासारखे दिसते आणि सकाळी येणारे पर्यटक तसेच समजून जातात. अंधार पडायला लागला की दिवे उघडझाप करतात, वाऱ्याने दांडे डोलतात आणि पाण्यात त्यांची दुसरी रांग हलते. मागे पुलापलीकडे आर्क द त्रिओंफपर्यंत मोटारींच्या दिव्यांची ओळ असते. जूनमध्ये अंधार दहानंतर पडतो, ऑक्टोबरच्या सुरुवातीला आठच्या सुमारास. त्यावरून मागे मोजत तीन तास धरावेत, म्हणजे घाई होत नाही. ‘एस्प्लनाद द ला देफाँस’ हे मेट्रो स्थानक कुंडाला लागूनच आहे. तिथून १ नंबरची लाइन परत शहरात नेते, त्यासाठी पुन्हा वर चढून कमानीकडे जावे लागत नाही.

आपल्या पुरवणीला एक विनंती. पॅरिसवर पुढचा मजकूर काढाल तेव्हा ला देफाँसचा छोटा नकाशा छापावा आणि त्यात स्लॅबवरच्या वाटा एका रंगात, स्लॅबखालचे रस्ते आणि स्थानके दुसऱ्या रंगात दाखवावीत. वर येण्याचे जिने ठळक ठिपक्यांनी दाखवले तर वाचकांना तो कापून खिशात ठेवता येईल. सहल कंपन्यांनाही सुचवावेसे वाटते की गट याच भागात उतरवणार असाल तर पहिल्या संध्याकाळी बस न काढता सर्वांना कमानीपासून कुंडापर्यंत चालवत न्यावे. त्यासाठी प्रवेशशुल्क नाही, आरक्षण नाही आणि वाहनही लागत नाही.

आपले,
पॅरिस परिसरात राहणारे काही मराठी वाचक